कुकर वगळून

जनार्दन घरतांना कांदा आवडत नाही. कच्चा नाही, शिजवलेला नाही, भजीतला तर नाहीच. पण गेल्या सात वर्षांत मी त्यांना कुठल्याही टपरीवर ‘कांदा नको’ म्हणताना ऐकलेलं नाही. भेळ आली की ते खिशातून लाकडी काडी काढतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि कांद्याचा एकेक तुकडा शोधून कागदाच्या कडेला ओळीने मांडतात. शेवटचा तुकडा निघेपर्यंत चुरमुऱ्यांचा लगदा झालेला असतो. तो लगदा ते शांतपणे खातात.

मी एकदा न राहवून भेळवाल्याला ओरडून सांगितलं, “भैया, इनके में कांदा मत डालो.” घरतांनी हात वर केला. “टाक, टाक.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, न बघता वगळायचं नाही. आधी बघायचं, मग बाजूला ठेवायचं.”

“अहो, पण कांदाच आहे ना तो?”

“ते बघितल्यावर कळतं.”

मला नोकरीला लागून तेव्हा चारच दिवस झाले होते. याच माणसाच्या शेजारी बसून काम शिकायचं आहे, या विचाराने मला त्या दिवशी भेळ गोड लागली नाही.

आमचं ऑफिस नवीन पनवेलला, एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. सहा टेबलं, सात माणसं आणि दिवसभर जिन्यातून वर येणारा तुपाचा वास. इथे मी काय करते हे माझ्या सासूबाईंना अजून समजलेलं नाही. ‘कॉम्प्युटरवर काहीतरी शोधते, सापडत नसावं, कारण रोज जाते,’ असं त्या शेजारणींना सांगतात. हे फारसं चुकीचंही नाही. कुणी काही नवीन बनवलं की त्याला त्याचं पेटंट हवं असतं. पण तीच गोष्ट जगात आधीच कुणी बनवून ठेवली असेल तर पेटंट मिळत नाही. म्हणून आधी जुन्या पेटंटांच्या ढिगात शिरून, ‘हे अगोदर कुणी केलंय का’ ते बघायचं. तो ढीग एवढा मोठा आहे की सात जन्म घेऊनही वाचून संपणार नाही.

मग शोधायचं कसं, तर संच करून. शाळेत आपण दोन वर्तुळं एकमेकांवर चढवून मधला भाग पेन्सिलीने काळा करायचो ना, तेच. ‘झाकण’ हा शब्द असलेल्या कागदांचा एक संच, ‘दाब’ हा शब्द असलेल्यांचा दुसरा. दोन्ही शब्द हवेत तर मध्ये ‘अँड’ घालायचा. कुठलाही एक चालत असेल तर ‘ऑर’. आणि अमुक नकोच असेल तर ‘नॉट’. एवढ्या तीन शब्दांवर सात जणांची घरं चालतात. शाळेतल्या गणिताच्या बाई भेटल्या तर मला त्यांची माफी मागायची आहे.

घरतांनी मला हे शिकवलं ते मासळीवरून. ते मूळचे पळस्प्याच्या पुढच्या एका गावातले, आगरी. वाडवडील भात पिकवायचे आणि खाडीत जाळं टाकायचे. “ऑर लावला की जाळं पसरतं,” ते म्हणाले. “अँड लावला की जाळ्यात कमी येतं, पण कामाचं येतं. आणि नॉट म्हणजे काय माहितीये? पाण्यात उभं राहून आधीच सांगायचं, की बाबा रे, खेकडा नको. आता खेकडा जाळ्यात येतो तो काय एकटा येतो? त्याच्या नांगीत चांगली कोलंबी असते. खेकड्याबरोबर तीपण गेली. जे येईल ते घरी आण. ओट्यावर ओत आणि निवड.”

ऑफिसात नॉट लावायला त्यांची बंदी होती. नव्या पोरींनी चोरून लावला तर त्यांना वासानेच कळायचं. “इतकेच कागद आले? बाकीचे कुणी फेकले?” असं विचारत ते खुर्चीमागे येऊन उभे राहायचे.

माझ्या भाच्यासाठी मुली बघणं चालू होतं तेव्हा मी हसत हसत त्यांना म्हटलं, लग्नाच्या वेबसाइटवर जरा तुमचं डोकं चालवा. माझ्या नणंदेची यादी अशी होती: उंच आणि गोरी आणि कमावती आणि घरात राहणारी आणि बोलकी आणि उलट न बोलणारी. घरतांनी गंभीरपणे सगळं भरलं. उत्तर आलं, शून्य.

“शून्य म्हणजे मुलगी नाही असं नव्हे,” ते नणंदेला म्हणाले. “शून्य म्हणजे तुम्ही नीट विचारलं नाहीत. ताई, यातले तीन ‘आणि’ काढा.”

नणंद म्हणाली, “ते काढा हवं तर. पण मंगळाची नको म्हणून घाला.”

घरतांनी कीबोर्डवरून हात उचलले. “ते मी घालणार नाही.”

“का?”

“तुम्ही तिला बघितलंय का?”

नणंद आजही त्यांना ‘तो तुझा चक्रम’ म्हणते.

त्यांचा आणखी एक छंद होता. ते ‘झाकण’ या वस्तूची नावं गोळा करायचे. कुणीही भेटलं की, “तुमच्या गावाला झाकणाला काय म्हणतात?” झाकण, झाकणी, टोपण, बूच, दट्ट्या, वेळणी, सगळं एका लाल वहीत. माझ्या सासूबाईंकडून त्यांनी चार शब्द काढून घेतले. जर्मन आणि जपानी शब्दही होते, घरतांच्या वळणदार देवनागरीत लिहिलेले. लोक नाणी गोळा करतात, हे झाकणं करतात, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

एकदा त्यांना बरं नव्हतं म्हणून डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. एकटा जीव, दोन खोल्या, सगळं जागच्या जागी. गॅसवर उघड्या पातेल्यात भात रटरटत होता. “कुकर नाही तुमच्याकडे?” मी विचारलं.

“ठेवत नाही,” ते म्हणाले आणि डब्याचं झाकण बघायला लागले.

याचं कारण मला कळलं ते तीन वर्षांपूर्वी, त्यांच्या पुतणीच्या हळदीच्या वेळी. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. गावजेवण, बँजो, सगळी भावकी. आमंत्रणाचा मेसेज कुणा चुलतभावाने चुकून घरतांना पाठवला आणि लगेच खाली लिहिलं, ‘सॉरी जनाभाऊ, तुला नव्हता पाठवायचा.’ घरतांनी मोबाइल टेबलावर ठेवला. मग उठून फळ्यावर त्यांनी एक मोठं वर्तुळ काढलं, आत ‘भावकी’ असं लिहिलं आणि वर्तुळाच्या बाहेर एक ठिपका दिला.

“भावकी नॉट जना,” ते म्हणाले. “माझ्यावर कुणीतरी नॉट लावलाच शेवटी. आणि चूक नाही केली.”

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला सगळं सांगितलं.

काशिनाथ घरत हा त्यांचा मोठा भाऊ. दादा. दहावी झाल्यावर दादा तळोज्याच्या एका कारखान्यात लागला, तो जनाला शिकता यावं म्हणून. जना रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला, तेव्हा दादा रिअॅक्टरवर होता. रिअॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायचा दोन पुरुष उंच बंद हंडा. एके दिवशी त्याच्या सोबत्याने हंड्यातला दाब उतरलाय असं समजून झाकण सैल केलं. दाब उतरला नव्हता. झाकण त्याच्या तोंडावर बसलं आणि तो जागच्या जागी गेला. त्यानंतर दादा झोपेना. घरच्या पडवीत बसून त्याने एक झाकण बनवलं. आत दाब असेल तोवर ते उघडतच नाही. आणि त्याच्या कडेला एक छोटी खिळी होती. दाब असला की ती वर यायची, हातमोज्यातूनही बोटाला लागायची. वाफेने चष्मा धुरकटलेला असतो, डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून ती.

जना तोवर आमच्या ऑफिसात लागला होता. एका रविवारी दादा ते झाकण गोणपाटात गुंडाळून ऑफिसच्या जिन्यात येऊन बसला. “जना, बग रं, कोनी केलाय का आदी.” त्याची दुपारची पाळी होती. घाई होती.

जनाने शोध घेतला. दाब आणि झाकण आणि उघडू न देणं. हजारांनी कागद आले, आणि उघडून बघावं तो प्रेशर कुकर. दाब असताना न उघडणारं झाकण म्हटल्यावर दुसरं काय येणार? जपानचा कुकर, इटलीचा कुकर, कुकरची शिट्टी, कुकरचं रबर. खाली जिन्यात दादा. जनाने शेवटी लिहिलं, नॉट कुकर. चाळीसेक कागद उरले. ते त्याने वाचून काढले आणि जिन्यात जाऊन सांगितलं, “दादा, नवीन आहे. कर अर्ज.”

दादाने नोकरी सोडली. लेथवाल्याला भागीदार घेतलं. तीन वर्षांनी पेटंट कार्यालयातून हरकत आली, की हे झाकण फार जुनं आहे, हा बघा कागद. तो कागद रंगाच्या कारखान्यातल्या हंड्याचा होता. नेमकं दादाचं झाकण. पण लिहिणाऱ्याने शेवटच्या पानावर सहज एक ओळ टाकली होती, की हे झाकण घरगुती कुकरलाही बसवता येईल. त्या एका शब्दापायी तो जनाच्या संचातून बाहेर फेकला गेला होता.

हरकतीला उत्तर देता येतं, दादाने दिलं नाही. दुसऱ्याची वस्तू मी माझी म्हणून सांगणार नाही, म्हणाला. अर्ज पडला. लेथवाला गेला. जुन्या कारखान्याने परत घेतलं नाही, तेव्हा दादा ठेकेदाराच्या हाताखाली ॲसिडच्या कामाला लागला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या फुप्फुसांची चाळण झाली. जनाशी तो त्या दिवसापासून बोलला नाही. शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं, असं घरत म्हणाले. एकदा तरी दादाने आपल्याशी बोलावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती, आणि दादा दर हिवाळ्यात थोडा थोडा संपत चालला होता.

मी त्या दिवशी भाजीतला कांदा बाजूला काढायला त्यांना मदत केली. याहून शहाणं काही सुचलं नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला घरत सकाळी लवकर येऊन एक शोध घ्यायचे. पडलेला असला तरी दादाचा अर्ज एकदा छापून झाला होता. छापलेला कागद त्या जगाच्या ढिगातून कधी काढत नाहीत. तो कुणाला कुठे सापडतोय का, कुणी त्याचं नाव घेतलंय का, एवढं ते बघायचे. उत्तर यायचं, शून्य. “नीट विचारलं नसेल,” असं म्हणून ते लाल वहीतलं एखादं झाकण वाढवायचे. आठ वर्षं त्यांनी हे केलं.

मध्यंतरी सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, नवीन यंत्रणा आणली. तिला साध्या भाषेत एक वाक्य लिहायचं, ती स्वतःच विचार करून दहा कागद देते. संच नको, वर्तुळं नकोत. पोरी खूश झाल्या. घरतांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, “बाकीचे का टाकलेस?” तिने फार नम्रपणे दिलगिरी व्यक्त केली आणि तेच दहा कागद पुन्हा दिले. “बघा,” घरत म्हणाले, “हिला विचारायचीही सोय नाही.” सर त्यांना पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याची ऑफिसात कुजबुज होती. घरतांच्या ती गावीही नव्हती.

गेल्या दिवाळीच्या आधी, एक तारखेला, मी पोचले तर घरत उभे होते. प्रिंटरमधून कागद निघत होता आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, पडेल की काय अशा भीतीने. परदेशातल्या एका बड्या कंपनीने अर्ज केला होता. तिकडच्या पेटंट कार्यालयातल्या तपासनिसाने तो अडवला होता आणि कारण म्हणून एकच जुना कागद पुढे केला होता. त्यावर नाव होतं, काशिनाथ घरत, जिल्हा रायगड.

“घरत!” मी ओरडले. “दादा आडवा आला की हो! थांबा, मी खालून पेढे आणते.”

“आधी पूर्ण वाचा,” ते म्हणाले.

मी वाचलं. कंपनीने झाकणावर हक्क सांगितलाच नव्हता, झाकण जुनं आहे हे तिला माहीत होतं. तिने हक्क सांगितला होता तो हाताला लागणाऱ्या खिळीवर. आणि तपासनिसाने लिहिलं होतं की ही खिळी काशिनाथ घरत यांच्या अर्जात पहिल्यांदा दिसते, त्याआधी कुठेही नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि पेढ्यांचं डोक्यातून गेलं. म्हणजे दादाची खिळी नवीन होती. अकरा वर्षांपूर्वी तो रंगाच्या हंड्याचा कागद जनाने बघितला असता, तर त्याने सांगितलं असतं, दादा, झाकण सोड, खिळीवर अर्ज कर. आणि दादाला पेटंट मिळालं असतं. नोकरी गेली नसती की फुप्फुसं गेली नसती, हे मी म्हणू शकत नाही. पण मिळालं असतं. पुढे हरकत आली तेव्हा शरमेच्या भरात जनाने भावाचा अर्ज पुन्हा उघडूनही बघितला नव्हता.

“मॅडम, स्कूटर आणलीय?”

मी म्हटलं, “घरत, ऐका. कंपनीला दादाने अडवलं एवढंच सांगा. पुढचं कशाला? आजारी माणूस आहे.”

“तुम्ही मला नॉट लावायला सांगताय,” ते म्हणाले. रागाने नाही. मी किल्ली घेतली.

पळस्प्याच्या पुढे गोव्याच्या रस्त्याला लागलो की डाव्या हाताला कंटेनरची गोदामंच गोदामं आहेत. “इथे आमचं भात व्हायचं,” घरत मागून म्हणाले. पूर्ण रस्ताभर ते एवढंच बोलले.

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी या म्हटलं नाही. “काय काम काडलंस?” एवढंच विचारलं.

“वयनी, दादाला येक कागद दावायचा हाय.” सात वर्षांत मी घरतांना त्यांच्या घरच्या बोलीत बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

वहिनी बाजूला झाल्या. आत खाटेवर दादा टेकून बसला होता. हाडांचा सापळा, नाकात नळी, बाजूला हवेचं यंत्र घरघर करत होतं. ती घरघर पुढच्या महिन्याभरातच थांबली, पण त्या दिवशी तिच्यामुळे बोलायची सोय झाली, कारण शांतता अशी नव्हती. खाटेखाली गोणपाटाचं एक गाठोडं होतं. ते काय असेल ते मी ओळखलं.

घरत जमिनीवर बसले. कागद खाटेवर ठेवून त्यांनी बोटाने नाव दाखवलं. “मोटी कंपनी हाय, भायेरची. हाताला लागनारी खिळी आमची, असा सांगत व्हती. सायबानं सांगितला, तुमची नाय. ही काशिनाथ घरतची हाय.”

दादाने कागद डोळ्यांजवळ नेला. “माजी?”

“तुजीच. तुज्या आदी कोनाचीच नाय.”

दादा हसला. हसण्याचा खोकला झाला, वहिनींनी पाठ धरली. श्वास जागेवर यायला बराच वेळ गेला. मला वाटलं, झालं, आता उठावं, इथेच थांबलेलं बरं. पण दादाने आयुष्यभर कारखान्यात डोकं चालवलं होतं, ते काही ॲसिडने गेलं नव्हतं.

“मंग तवा मना का नाय भेटला?”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. लांबलचक. शिट्टी संपेपर्यंत दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले.

“माज्यामुलं,” घरत म्हणाले. “कुकर नको मनून लिवला, आनि जुना कागद न बगताच टाकला. तो बगला असता तर तुला खिळीवर अर्ज कराला सांगितला असता. भेटला असता तुला.”

“आनि ते सांगाला आयलास?” वहिनी म्हणाल्या.

“हाव.”

दादाने डोळे मिटले. त्याचा हात कागदावर होता, कडेवरून बोट फिरत होतं, जसं काही तिथे ती खिळी वर आली आहे की नाही ते तो चाचपत होता. घरत मान खाली घालून बसले होते.

“सुकट केलीस?” दादाने डोळे न उघडता विचारलं.

“केली,” वहिनी म्हणाल्या. “रोजच्यासारकी. कांदा घालून.”

“जनाला येगली कर. त्याच्यात कांदा नको घालू. तो खात नाय.”

वहिनी आत गेल्या, आणि तवा ठेवल्याचा आवाज आला.

ताट आलं तेव्हा घरतांचा हात सवयीने खिशात गेला. काडी काढली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि ते ताटात वाकून शोधायला लागले. शोधण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी काडी परत खिशात ठेवली, भाकरी मोडली आणि रडत रडत सगळं जेवले.